शेतकऱ्याला कचरा देऊ नका, आधी त्याच्याकडून काडीकचरा मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुमारे ऐंशी घरांचे गाव. घरोघरचा कचरा एकत्र करून खत करायचे म्हणून शेड बांधली. पहिले दोन महिने लोकांनी कचरा आणून दिला. पुढे त्यात प्लास्टिक आणि काच येऊ लागली, ढिगाला वास सुटला, आणि आता सहा महिन्यांनी तयार झालेले खत न्यायला एकही शेतकरी तयार नाही. बक्षीस ठेवावे की सक्ती करावी, असे तुम्ही विचारता.

बक्षीस आणि सक्तीकडे मी शेवटी येतो. आधी शेतकरी नेमके कशाला नाही म्हणतोय ते पाहू. खताला तो कधीच नाही म्हणत नाही. चांगले शेणखत मिळत असेल तर लांबून गाडी भरून आणायची त्याची तयारी असते. तुमच्या ढिगात काय आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि ज्या वाफ्यात ते खत पडणार त्याच वाफ्यात तो अनवाणी पायाने, उघड्या हाताने काम करणार आहे. त्याचा नकार शहाणपणाचा आहे. चूक मांडणीत झाली: गावाने कचरा गोळा करायचा, कुजवायचा आणि शेवटी शेतकऱ्याने तो उचलायचा, अशी साखळी तुम्ही बांधलीत. त्यात त्याचे काम फक्त घेण्याचे राहिले. प्रत्यक्षात घरातल्या कचऱ्याला ज्याची सर्वात जास्त गरज असते तो कोरडा काडीकचरा त्याच्याच शेतात पडलेला असतो. धसकटे, काड, पेंढा, तूस, पालापाचोळा, खुरपलेले वाळके तण. हे मिळाल्याशिवाय स्वयंपाकघरातला कचरा नीट कुजतच नाही. म्हणून सहकार्याची सुरुवात त्या काडीकचऱ्यापासून करायची.

काही गोष्टी मात्र गावागणिक बदलतात आणि त्या पाहिल्याशिवाय आकडे ठरवता येत नाहीत. घरोघरी जनावरे असतील तर भाजीचे देठ, साली आणि उरलेले अन्न त्यांच्या पुढ्यात जाते. उरतो तो राख, झाडलोटीची माती आणि थोडा सडका माल. चुली असतील तर राखेचे प्रमाण वाढते. जनावरे कमी झालेल्या गावात ओला माल बराच निघतो, पण शेण मिळत नाही. तेव्हा पहिल्या आठवड्यात भाषणे, फलक काही करू नका. वेगवेगळ्या प्रकारची पाच घरे निवडा, सलग सात दिवस त्यांचा कचरा रोज तोला आणि तीन वाटे करा: कुजणारा, राख-माती, आणि न कुजणारा. ग्रामीण कचऱ्यात राख-मातीचा वाटा वजनाने किती मोठा निघतो हे पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते. आणि हा वाटा ढिगात जसाच्या तसा ओतला गेला की ढीग तापत नाही.

आता हिशेब. समजा सुरुवातीला पंधरा घरांचाच एक गट धरला आणि प्रत्येक घरातून रोज एक किलो कुजणारा ओला माल निघतो. दिवसाला पंधरा किलो, म्हणजे अंदाजे तीस लिटर, दोन मोठ्या बादल्या. त्याला आकारमानाने दुप्पट कोरडा काडीकचरा लागतो, रोज साठ लिटर. दुप्पट का, तर स्वयंपाकघरातल्या मालात कार्बन आणि नत्राचे (नायट्रोजनचे) प्रमाण साधारण १५:१ असते आणि तीन चतुर्थांश पाणी असते; पेंढ्यात हेच प्रमाण ८०:१ च्या आसपास असते. दोन्ही असे मिसळले की मिश्रण २५:१ च्या जवळ येते, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना २५ ते ३०:१ हेच मानवते. रोज साठ लिटर म्हणजे वर्षाला जवळजवळ बावीस घनमीटर सैल काडीकचरा. हा साठा काढणीनंतरच्या काही आठवड्यांतच हाती लागतो. तेव्हा तो जाळला गेला किंवा पावसात भिजला, की पुढचे अकरा महिने तुमच्या शेडला वास येणार हे ठरलेले.

आणि खत किती मिळेल? कुजताना निम्म्याच्या आसपास कोरडा माल हवेत उडून जातो. ओलावा धरून वर्षाला सुमारे दोन टन. हेक्टरी पाच टन या माफक मात्रेने ते अर्ध्या हेक्टरलाही पुरत नाही. पंधरा घरांत वाटले तर घरटी साधारण १३० किलो. हा आकडा शेतकऱ्यापासून लपवू नका. ‘तुमच्या सगळ्या शेताचे खत यातून होईल’ असे सांगितले की दुसऱ्या वर्षी कोणी येत नाही. १३० किलो खत अडीचशे चौरस मीटरला पुरते: रोपवाटिका, भाजीचे वाफे, फळझाडांची आळी. तिथे फरक लवकर आणि डोळ्यांना दिसतो. गोठ्याचे शेण आणि शेतातला जास्तीचा काडीकचरा याच ढिगांत येऊ लागला तरच मोठ्या शेतापुरते खत होते, आणि ते पाऊल दुसऱ्या वर्षाचे.

म्हणून ऐंशी घरांची शेड एकदम चालवू नका. शेजारशेजारच्या बारा ते पंधरा घरांचा एक गट करा. इतक्या घरांत कोणाची बादली कोणाची हे सगळ्यांना ओळखू येते. सामाईक पाणी, कुरणे, जंगले लोक स्वतः कसे सांभाळतात यावर काम केलेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या निष्कर्षांतले तीन इथे शब्दशः लागू पडतात: गटात कोण आहे आणि कोण नाही हे स्पष्ट असावे, देखरेख वापरणाऱ्यांचीच असावी, आणि शिक्षा लहानापासून सुरू होऊन चढत जावी. ऐंशी घरांच्या एकाच ढिगात हे तिन्ही अवघड जाते.

गटातली जागा निवडताना ढीग माणसांच्या रोजच्या वाटेवर ठेवा, गोठ्याकडे किंवा शेताकडे जाताना लागेल अशी. त्यासाठी वेगळी फेरी मारावी लागली तर पंधरवड्यात बादल्या थांबतात. जागा उंचवट्यावर, थोड्या सावलीत, आणि विहिरीपासून निदान तीस मीटर लांब हवी.

कचरा वेगळा करण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. ‘ओला’ आणि ‘सुका’ हे शब्द गावात वापरू नका. सुका म्हटले की वाळका पालाही सुका आणि प्लास्टिकची पिशवीही सुकी. दोन्ही एकाच डब्यात पडतात. ‘कुजणारे’ आणि ‘न कुजणारे’ म्हणा, आणि राखेसाठी तिसरे भांडे ठेवा. राख अल्कधर्मी असते. ताज्या ओल्या मालावर घमेलेभर पडली की नत्र अमोनिया होऊन उडतो आणि डोळ्यांना झोंबणारा वास येतो. थरागणिक दोन-तीन मुठी लाकडाची राख चालते. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला बसवलेल्या खताच्या पद्धतीतही माती आणि थोडी लाकडाची राख होती. कोळशाची राख, आणि ज्या चुलीत प्लास्टिक जळते तिची राख मात्र अजिबात नको.

बादली ढिगापाशी येते तो क्षण सर्वात महत्त्वाचा. तिथे उभ्या असलेल्या माणसाने ती जमिनीवर पसरलेल्या पोत्यावर ओतायची आणि पंजाने एकदा सारखी करायची. पाऊचचा फाडलेला कोपरा, ब्लेड, बॅटरीचा सेल, गोळ्यांची रिकामी पट्टी, डायपर, सॅनिटरी पॅड, काचेचा तुकडा यांपैकी काहीही दिसले तर ते निवडून टाकत बसायचे नाही. अख्खी बादली परत द्यायची, न रागावता. निवडून देण्याची सवय लावली की घरातले वेगळे करणे थांबते, कारण ‘तिथे निवडतातच’ हे कळते. आणि कुजल्यानंतर चाळू असे म्हणू नका. पाऊचचे नखाएवढे कोपरे आणि काचेचा चुरा चाळणीतून खतासोबतच खाली पडतो. एका शेतकऱ्याच्या बोटात ब्लेड घुसली की त्या वर्षाचे सगळे खत पडून राहते.

ढीग रचायला १.२ मीटर लांब, रुंद आणि उंच असे तीन कप्पे पुरेत. एक भरत असतो, दुसरा तापत असतो, तिसरा मुरत असतो. एका घनमीटरपेक्षा लहान ढीग उष्णता धरत नाही. तळाशी काटक्या आणि धसकटांचा वीतभर थर आडवा-उभा टाका, म्हणजे खालून हवा शिरते. त्यावर ओल्या मालाच्या दर बादलीमागे लगेच दोन बादल्या काडीकचरा. काडी बोटभर लांबीची तोडलेली असावी. अखंड काड महिनोन्‌महिने तशीच राहते. आठवड्यातून दोनदा शेणकाल्याचे सडे द्या. वरचा थर नेहमी कोरडाच हवा, ओला माल उघडा दिसता कामा नये. माश्यांचा निम्मा प्रश्न इथेच संपतो.

ओलावा मुठीने बघा. आतला माल मुठीत घट्ट दाबला की बोटांच्या फटीत एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर काडी कमी पडली. मूठ उघडताच भुगा सुटा झाला तर पाणी कमी. उष्णतेसाठी लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर ढीग चांगला तापला आहे. आतल्या भागाने ५५ अंशांवर निदान तीन दिवस काढले की बहुतेक रोगजंतू आणि तणाचे बी मरते. सत्तरच्या वर गेला तर कुजवणारे जिवाणूच मरू लागतात, मग लगेच उलथा. उलथताना बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर आला पाहिजे, कारण कडेचा माल तापलेलाच नसतो. कप्पा भरल्यावर आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा उलथणे आणि मग दोन महिने मुरवणे, हा साधारण क्रम.

उलथायला माणसे मिळत नसतील तर नाडेप पद्धतीचा विचार करा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ती दिली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचे टाके, भिंतींत हवेसाठी ठेवलेली भोके. एका भरणीला साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली माती आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी. वरून शेणमातीने लिंपतात. पंधरा-वीस दिवसांत माल खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपतात, आणि ९० ते १२० दिवसांत खत होते. उलथावे लागत नाही. मात्र टाके दोन-तीन दिवसांत एकदम भरावे लागते, त्यामुळे रोजच्या बादलीसाठी ते थेट उपयोगी नाही. रोजचा माल कप्प्यात काडीसोबत थोडा जिरवून मग टाक्यात भरता येतो. तुमच्या गावात काडीकचरा भरपूर आणि हात कमी असतील तर मी हाच मार्ग धरेन.

बिघडते कुठे, तेही सांगतो, कारण शेतकऱ्याचा विश्वास याच गोष्टींवर तुटतो. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही: उलथा आणि काडी वाढवा. झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त किंवा राख पडली. ढीग गारच राहिला तर आधी ओल बघा, मग आकार, मग माती किती गेली ते बघा. मुंग्या दिसल्या की तो कोरडा पडला आहे. पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर शेतकरी ‘हुमणी (पिकाची मुळे खाणारी अळी) आली’ म्हणून खत नाकारेल, आणि ती भीती खरी आहे: अर्धवट कुजलेल्या मालात भुंगेरे अंडी घालतात आणि अळ्या खतासोबत शेतात जातात. नीट तापवा, मुरणारा ढीग झाकून ठेवा, शेतात नेण्याआधी उलथून अळ्या वेचा. कुत्र्यांसाठी जाळी लावा. हाडे-मांस टाकायचेच असेल तर थोडे, आणि तापलेल्या मधल्या भागात पुरून.

एक धोका सहसा कोणी सांगत नाही. क्लोपायरालिड, अमिनोपायरालिड यांसारखी काही तणनाशके पेंढ्यात आणि तो खाल्लेल्या जनावरांच्या शेणातही टिकतात, आणि कुजवूनही सहजी मोडत नाहीत. असे खत टोमॅटोला, बटाट्याला किंवा शेंगवर्गीय पिकाला घातले तर पाने गोळा होऊन पेल्यासारखी वळतात. म्हणून काडीकचरा देणाऱ्याला या हंगामात काय फवारले ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

खत तयार झाले की नाही हे शेतकऱ्यालाच तपासू द्या. ओलसर खताची मूठ पिशवीत हवाबंद करून तीन दिवस त्याच्या घरी ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर मुरले, आंबूस किंवा झोंबणारा आला तर नाही. दुसरी परीक्षा बियांची: एका कुंडीत निम्मे खत निम्मी माती, दुसरीत नुसती माती, दोन्हींत घेवड्याचे दहा-दहा दाणे. उगवण सारखी आणि पाने सरळ आली पाहिजेत. वर सांगितलेले तणनाशकही इथेच पकडले जाते. मग त्याच्याच शेतात एका पिकात शंभर चौरस मीटरची पट्टी मोजून पन्नास किलो खत द्या. शेजारी तेवढीच पट्टी बिनखताची. बाकी खत-पाणी दोन्हीकडे सारखे. पहिल्या वर्षी हिरवेगार पीक दिसेल असे वचन देऊ नका. मुरलेल्या खतातल्या एकूण नत्राचा बहुधा दहा ते वीस टक्केच भाग पहिल्या हंगामात पिकाला मिळतो. ओल धरून राहणे, खुरपताना माती मोकळी लागणे, हे फरक आधी जाणवतात. कच्चे खत दिले तर उलट जिवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते.

वाटणीत दोन चुका होतात. पहिली, कचऱ्याच्या वजनावर वाटा किंवा पैसे देणे. वजनावर मोबदला ठेवला की माती आणि पाणी येऊ लागते, कारण तेच सर्वात जड. वाटा कामाच्या खुणांवर मोजा: स्वीकारलेल्या बादलीला एक खूण, काडीकचऱ्याच्या भाऱ्याला दोन, उलथण्याच्या एका पाळीला चार. फळ्यावर घरांची नावे आणि खुणा, सगळ्यांना दिसतील अशा. भाऱ्याची खूण बादलीहून जास्त ठेवतो ती मुद्दाम, कारण काडीच कमी पडते.

दुसरी चूक अधिक खोल आहे. घरात कचरा वेगळा करणारा हात बहुधा बाईचा असतो आणि खत जाते पुरुषाच्या ताब्यातल्या शेतात. तिला वेगळे करण्याचे काम वाढते आणि हाती काही येत नाही. मग तीन महिन्यांनी पाऊच सरमिसळ येऊ लागतात आणि आपण म्हणतो जागृती कमी पडली. प्रत्येक घराच्या वाट्यातली पहिली दोन घमेली तिच्या परसबागेसाठी, तिच्याच हातात द्या. भूमिहीन घरांनाही असेच बघा: त्यांच्या खुणांचे खत जमीन असलेल्या घराला देऊन त्या बदल्यात चारा, सरपण किंवा मजुरी ठरवता येते. हे आधी ठरले नाही तर गावातली निम्मी घरे गटाबाहेर राहतात आणि त्यांचा कचरा शेजारच्या ओढ्यात जातो.

हंगामाचेही भान ठेवा. पेरणी आणि काढणीत कोणी पाळीला येणार नाही, आणि येऊ नये. त्या दिवसांत फक्त थर घालत राहा. उलथणे रिकाम्या दिवसांत. रोज ढिगापाशी उभा राहणारा माणूस मात्र एकच, कायमचा आणि मोबदला घेणारा असावा, मग मजुरी द्या किंवा खताचा जादा वाटा. बादली तपासायची पाळी फिरती ठेवता येते, ढिगाची जबाबदारी फिरती ठेवली की कोणाचीच राहत नाही.

आता बक्षीस आणि सक्ती. रोख बक्षीस सुरुवातीला वेग देते, पण थांबले की वेगळे करणेही थांबते; तो पैसा काडी साठवायच्या छपरावर आणि तोडणीच्या अडकित्त्यावर घाला. सक्तीने बादली येते, वेगळी केलेली बादली येत नाही. पहिल्यांदा बादली परत, दुसऱ्यांदा परत आणि घरी जाऊन दाखवणे, तिसऱ्यांदा त्या महिन्याच्या खुणा रद्द. एवढी चढती शिक्षा गटानेच ठरवली तर पुरते.

राहिला शेडमधला जुना ढीग. तो कोणाच्याही शेतात, फुकटसुद्धा, जाऊ देऊ नका. जाड हातमोजे आणि बूट घालून १० मिलिमीटरच्या जाळीतून चाळा. खाली पडलेला माल खाण्याची फळे न देणाऱ्या झाडांच्या खड्ड्यांत, तोही मातीखाली गाडून वापरा. वर राहिलेले प्लास्टिक-काच वेगळे उचलायला द्या. शेडचा तळ झाडून घ्या आणि मगच पहिला नवा कप्पा भरा. जुन्या मालाचे एक घमेलेही ‘विरजण’ म्हणून नव्या ढिगात घालू नका; त्यासाठी ताजे शेण पुरेसे आहे.